गुडघ्याखाली चार बोटं

मारिनी आधी त्याच्या पायांच्या प्रेमात पडली. वरचा माणूस तिने नंतर पाहिला, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शनिवारची दुपार होती. कलाभवनाच्या मागे, जिथे विद्यार्थी आपल्या स्कूटरी लावतात तिथे, ती स्वतःच्या स्कूटरवर बसून नशिबाला बोल लावत होती. कारणही तसंच होतं. तिचा नाचातला जोडीदार आदल्या संध्याकाळी फुटबॉल खेळायला गेला आणि घोटा मोडून आला. महोत्सव सहा आठवड्यांवर. मारिनीचं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष. चार वर्षं मागच्या रांगेत घाम गाळल्यावर या वर्षी कुठे ‘पहिली जोडी’ म्हणून फलकावर तिचं नाव लागलेलं, आणि आता त्या जोडीत ती एकटीच उरलेली.

तेवढ्यात खाडीकडून वाऱ्याचा झोत आला आणि तिच्यासमोरून एक काळी मखमली टोपी गडगडत गेली. टोपीच्या मागे दोन पाय.

टोपी डावीकडे वळली, पाय डावीकडे वळले. टोपीने हुलकावणी दिली, पायांनी दोन पावलं मागे घेतली, टाच उचलली, आणि पुन्हा पुढे. टोपी एका मोटारसायकलखाली शिरली, तर पायांनी गिरकी घेऊन पलीकडून वाट अडवली. मारिनी स्कूटरवरून उतरलीच. हा तर जोगेत! जोगेत नाचात याहून वेगळं काय असतं? पुरुष पुढे येतो, बाई हसून निसटते, तो पुन्हा येतो, ती पुन्हा निसटते, आणि शेवटपर्यंत बोटाला बोट लागत नाही. इथे बाईच्या जागी टोपी होती, इतकाच फरक.

ती त्या पायांकडे बघत राहिली. मग नजर हळूहळू वर चढली. घोटे छान. फिकट हिरवा रेशमी पायजमा, लग्नाबिग्नाला घालतात तसा. त्यावर कमरेला गुंडाळलेलं जरीचं सामपिंग. आणि त्या सामपिंगचा सोनेरी काठ होता कुठे... तर गुडघ्याच्या खाली. चांगला चार बोटं खाली.

मारिनीच्या काळजाचा ठोका चुकला. त्या मुलखात पाढे येण्याआधी पोरांना एवढं कळत असतं: सामपिंग गुडघ्याच्या वर असेल तर गडी मोकळा, खाली असेल तर घरी बायको.

“ही तालीम नव्हती हं,” टोपी झटकत तो धापा टाकत म्हणाला. “आजोबांची टोपी आहे. गटारात गेली असती, तर मलाही घरच्यांनी मागोमाग ढकललं असतं.”

त्याचे डोळे हसरे होते. मारिनीने ते पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

“तुम्ही नाचता?” तिने विचारलं.

“बाजारातल्या इमारतीच्या तळघरात. मित्रांबरोबर. जमिनीवर लोळणं, डोक्यावर फिरणं, असलं. का?”

“जोगेत येतो?”

“आत्ता आला असं तुझ्या तोंडावरून वाटतंय.”

त्याचं नाव हाझिम. जहाजबांधणीच्या तिसऱ्या वर्षाला. आत सभागृहात मामेभावाचं लग्न चाललं होतं, आणि तो ‘जरा हवा खायला’ बाहेर आला होता. लग्नातून हवा खायला कोण बाहेर येतं, हा प्रश्न मारिनीला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. ती मनातल्या मनात त्याच्या बायकोचा हेवा करण्यात गुंतली होती.

---

त्यांच्या गटाचं नाव गेमाला. बारा नाचणारे, तीन वादक, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर चिकगू रोहाया. चिकगू म्हणजे गुरुजन, पण या चिकगूंच्या बाबतीत तो शब्द तोकडा पडायचा. वय पासष्ट, उंची पाच फुटांच्या आत, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसून, वेताचा पंखा मांडीवर आपटत ताल द्यायच्या. पंखा थांबला की बाराच्या बारा जणांचा श्वास थांबायचा.

या वर्षीचा नाच दोन भागांचा होता. पहिला भाग जुना: व्हायोलिन, डफ, मोठी घंटा, आणि जोगेतचा लाडिक पाठलाग. मग बारा मात्रा सगळं स्तब्ध. त्या बारा मात्रांत फक्त बायकांनी चार पावलं मागे जायचं, बाकी पापणीसुद्धा हलवायची नाही. आणि मग दुसरा भाग नवा: अनवाणी, वाद्यं बंद, नुसता श्वासांचा आवाज, पडणं, लोळणं, उठणं. तो मारिनीने बसवला होता. चिकगूंनी त्याला परवानगी दिली होती ती एका अटीवर. “लोळायचं तेवढं लोळा. पण जोगेतचा कायदा दोन्हीकडे. दोघांच्या मध्ये चार बोटं अंतर. एकही बोट कमी झालेलं मला दिसता कामा नये.”

मोडक्या घोट्याच्या जागी मारिनीने हाझिमला तालमीला आणलं. पहिल्याच दिवशी चिकगूंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. सामपिंगच्या काठाशी त्यांचीही नजर थांबली.

“लग्न झालंय वाटतं. बरं. माझ्याकडे आहे तसंच बांधायचं, प्रयोगाच्या दिवशीही. मंचावर बारीक दिसण्यासाठी वर ओढायचं नाही. माझ्या मंचावर कापड खोटं बोलत नाही.”

हाझिमने तोंड उघडलं. त्याच क्षणी दारातून उपाहारगृहाच्या मकचिक सेनाह चहाची किटली घेऊन आत आल्या, आणि त्याने तोंड मिटलं.

मकचिक म्हणजे मावशी, आणि या मकचिकबद्दल एवढं सांगायला हवं, की त्यांच्या हातचा तळलेला मासा आणि त्यांनी जुळवलेली लग्नं दोन्ही त्या आवारात प्रसिद्ध होती. गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बिस्किटं नव्हती, सहा उपवर पुतण्यांचे फोटो होते. कोणी मोकळा मुलगा भाताची थाळी घेऊन पुढे आला, की डबा उघडायचा. गेल्या वर्षी दोन मुलं अशीच गेली. एक तर नुसता चहा घ्यायला गेला होता.

हाझिमला मात्र मकचिकनी डबा दाखवला नाही. उलट त्याच्या थाळीत रोज एक मासा जास्त पडायला लागला. कारण चार दिवसांतच सगळ्या कलाभवनाला कळलं होतं, की गड्याच्या घरी तान्हं बाळ आहे. त्याच्या मोटारसायकलला लंगोटांचं भलंमोठं पुडकं लटकलेलं झियानाने स्वतः पाहिलं. झियाना म्हणजे मारिनीची जिवलग मैत्रीण, आणि गटातल्या दुसऱ्या जोडीतली.

“काल तालमीत बसल्या बसल्या झोपला,” झियाना म्हणाली. “विचारलं तर म्हणे, बाळ झोपू देत नाही. बिचारा. इतक्या लहान वयात.”

“बिचारा कशाला? सुखात असेल,” मारिनी म्हणाली, आणि केसांतली पिन इतकी जोरात खोचली की डोळ्यांत पाणी आलं.

---

आता अडचण अशी, की जोगेत नुसत्या पायांचा नाच नाही. तो डोळ्यांचा नाच आहे. बाईने बघायचं, बघून न बघितल्यासारखं करायचं, पुरुषाने ते ओळखायचं. आणि मारिनी तर ठरवून बसली होती, की लग्न झालेल्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही. म्हणून ती त्याच्या उजव्या कानाकडे बघायची. बोलतानाही पथ्य पाळल्यासारखं ‘तुम्ही’, ‘आपण’. हाझिम बिनधास्त ‘तू’ म्हणायचा.

“अशी पड,” तो तिला नव्या भागातलं पडणं शिकवायचा. “आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा. जमिनीला घाबरू नकोस. जमीन कुठे पळून जात नाही.”

“तुम्हाला घाई असेल ना? घरी वाट बघत असतील.”

“बघतेय ना. पण मी गेलो की मलाच रडून दाखवते.”

“कोण?”

“बाळ. अजून कोण?” तो हसला. “तू सारखी मला घरी का पिटाळतेस?”

मारिनी पडली. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा. दुपारचा रोजचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता, व्हायोलिन ऐकू येत नव्हतं, आणि छातीतली धडधड मात्र साफ ऐकू येत होती. आपल्याला हा माणूस आवडतो. फार आवडतो. हे असं होता कामा नये. जमिनीवर पडल्या पडल्या तिने हे तीनही विचार एका दमात केले.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. चौथ्या आठवड्यात चिकगूंनी पंखा थांबवला.

“मारिनी, तू माणसाबरोबर नाचतेस की त्याच्या कानातला मळ तपासतेस?”

सगळे हसले. हाझिमने नकळत कानाला हात लावला.

“हा पाठलाग आहे,” चिकगू म्हणाल्या. “तू पळतेस, पण सापडायची इच्छा असल्यासारखं पळायचं असतं. तू चोर पोलिसाला बघून पळतो तशी पळतेस. शुक्रवारपर्यंत डोळे वर आले नाहीत, तर झियानाची जोडी पुढे आणि तू मागे. चार वर्षं मागे होतीस, अजून एक दिवस काही जड जाणार नाही.”

त्या संध्याकाळी मारिनी स्कूटरवर बसून रडली. मग तिने नाक पुसलं आणि विचार केला. हे सगळं होतंय ते मनात चोर आहे म्हणून. त्या बाईसमोर एकदा जाऊन उभं राहायचं, तिला भेटवस्तू द्यायची, तिच्या बाळाला मांडीवर घ्यायचं. एकदा तिची ओळख झाली की मनातला चोर आपणच बाहेर जाईल. मग खुशाल डोळ्यांत बघून नाचता येईल, भावाच्या डोळ्यांत बघावं तसं.

विचार उदात्त होता. उदात्त विचारांचं पुढे जे होतं, तेच याचं झालं.

---

बाळंतिणीला चव्वेचाळीस दिवस पाळावं लागतं, हे तिला आईमुळे माहीत होतं. तिने परडी भरली: सुंठ, हळदीचा लेप, पोटाला बांधायचा पट्टा, जायफळाचं तेल, सुके मासे. गुरुवारी सकाळी, हाझिम वर्गात असताना, ती पत्ता शोधत त्याच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. कडेवर बाळ. बाईचं नाक हुबेहूब हाझिमचं, हसरे डोळेही तेच. सहवासाने नवराबायको एकमेकांसारखे दिसायला लागतात असं म्हणतात, पण इतके? मारिनीला वाटलं, किती प्रेम असेल यांच्यात.

“मी मारिनी. नाचातली.”

“अगं, तूच का ती? ये, ये, आत ये. मी सल्मी. तुझं नाव ऐकून ऐकून या घराच्या भिंतीसुद्धा कंटाळल्या.”

म्हणजे तो बायकोला आपल्याबद्दल सांगतो. आणि ही बाई तरी किती मोठ्या मनाची. मारिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने परडी खाली ठेवली, आणि रात्रभर घोकलेलं भाषण सुरू केलं.

“ताई, मला एकच सांगायचंय. तुमचे मिस्टर आणि मी रोज एकत्र नाचतो, पण आमच्यात कधीही चार बोटांपेक्षा कमी अंतर नसतं. शपथेवर सांगते. मी त्यांच्या डोळ्यांतसुद्धा बघत नाही. कानाकडे बघते.”

सल्मीने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“माझे मिस्टर?”

“हो.”

“माझे मिस्टर बाळ चार दिवसांचं होतं तेव्हा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेलेत. महिना होऊन गेला. चार बोटं कसली, चारशे मैल झाले असतील. तुझ्याबरोबर नाचतात म्हणतेस? मला तर लग्नात दोन पावलं टाकून दाखवली नाहीत.”

मारिनीने बाळाकडे बघितलं, मग पुन्हा सल्मीच्या नाकाकडे.

“मग हाझिम...”

“हाझिम माझा धाकटा भाऊ. बाळाचा मामा. लग्न कसलं होतंय त्याचं, त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत.”

“पण... त्यांचं सामपिंग...”

सल्मीने आधी तिच्याकडे बघितलं, मग परडीतल्या पोटाच्या पट्ट्याकडे बघितलं, आणि मग ती भिंतीला टेकून हसत सुटली. बाळ दचकून रडायला लागलं तरी तिला थांबता येईना. हकिकत कळली ती अशी तुकड्यातुकड्यांत. या वर्षी घराण्यात लग्नंच लग्नं होती. प्रत्येक लग्नात कोणीतरी अनोळखी मकचिक हाझिमला गाठायची: तुझा नंबर कधी, ही माझी भाची, तिला स्वयंपाक येतो. चौथ्या लग्नाला त्याने शक्कल लढवली. सामपिंग चार बोटं खाली ओढलं. कोणी विचारलं तर बोलायचं काही नाही, नुसतं खाली बघायचं. मकचिक सुस्कारा सोडून दुसऱ्या मुलाकडे वळायची.

“आणि तुमच्या कलाभवनात म्हणे डबा घेऊन बसणारी एक आहे,” सल्मी डोळे पुसत म्हणाली. “तिच्या धाकाने तो तालमीलाही तसंच बांधतो. पण तुम्ही सगळे त्याला खरंच लग्न झालेला समजता, हे त्या गाढवाच्या डोक्यातही आलं नसेल. करायला गेला एक आणि झालं भलतंच.”

मारिनीला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. सल्मीने बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळाने तिची ओढणी तोंडात घातली.

“त्याला सांगू नका मी आले होते,” मारिनी म्हणाली.

“माझ्या पोटात काही राहत नाही बघ. हे बाळसुद्धा आठव्या महिन्यात बाहेर आलं. पण उद्यापर्यंत प्रयत्न करते.”

---

शुक्रवारी व्हायोलिन सुरू झालं. हाझिम नेहमीसारखा पुढे आला, आणि मारिनीने मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. बघितलं, मग न बघितल्यासारखं केलं, मग ओठ दुमडून पुन्हा बघितलं.

हाझिमचा डावा पाय उजव्या पायात अडकला आणि तो मागे जाऊन डफावर बसला.

डफ फाटला. वादक उठून उभा राहिला. चिकगूंनी पंखा हळूहळू खाली ठेवला.

“एकीला चार आठवड्यांनी डोळे आले, तर दुसऱ्याचे पाय गेले. माझ्या नशिबी पूर्ण जोडी नाहीच.” पण मारिनीकडे बघताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला होता. “तू पुढेच राहा. याला चहा पाज आणि जागेवर आण.”

रस्त्यापलीकडच्या टपरीवर उंचावरून फेसाळ ओतलेला चहा घेऊन दोघं बसली.

“आज तू माझ्याकडे बघितलंस,” हाझिम म्हणाला.

“मग? जोडीदार आहेस माझा.”

“आणि ‘आहेस’ म्हणालीस. काल ‘आहात’ होतो.”

“काल तुझं लग्न झालेलं होतं.”

हाझिमने पेला खाली ठेवला. मारिनीने त्याला सगळं सांगितलं: वाहनतळ, सामपिंगचा काठ, लंगोटांचं पुडकं, परडी, पोटाचा पट्टा. तो ऐकत गेला तसतसे त्याचे कान लाल होत गेले.

“मला वाटलं चिकगू आणि मकचिक तेवढ्या फसल्यात. म्हणजे सगळा गट...”

“सगळा गट. तुला मासा जास्त का मिळतो वाटलं?”

“मला वाटलं मी बारीक दिसतो म्हणून.” त्याने पेला बाजूला सारला. “आणि म्हणून तू इतके दिवस...”

“कानाकडे बघत होते. उजव्या. पाळीच्या मागे एक तीळ आहे.”

“तिथे तीळ आहे? मला माहीत नव्हतं.”

“मला चार आठवड्यांपासून माहीत आहे,” मारिनी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून चहात बघायला लागली.

हाझिमचा चेहरा उजळला. तो पुढे वाकला. “मारिनी, मला तुला एक...”

“थांब.” तिने हात वर केला. “मी आजवर एका लग्न झालेल्या माणसाला मनातून काढायला काय काय केलंय, तुला कल्पना नाही. रात्र रात्र झोपले नाही. तुझी गंमत झाली, माझा जीव जात होता. ते कापड जोवर गुडघ्याखाली आहे, तोवर माझ्यासाठी तुझं लग्न झालेलं आहे. नाचेन. बोलणार नाही.”

“मी एक शब्दसुद्धा खोटं बोललेलो नाही.”

“नाहीच. कापडाला बोलायला लावलंस.”

तो ओशाळला. बोट पेल्याच्या कडेवरून फिरवत राहिला. “आत्ता जाऊन चिकगूंना सांगतो.”

“आत्ता सांगितलंस तर काढतील. त्यांच्या मंचावर कापड खोटं बोललं म्हणून तुलाही आणि जोडी म्हणून मलाही.”

“मग प्रयोगानंतर सांगतो.”

“म्हणजे प्रयोगात सगळ्यांसमोर तू लग्न झालेला, आणि मी तुझ्याकडे तसं बघायचं? ते मला चालणार नाही.”

“आधी नाही, नंतर नाही. मग कधी?”

“ते तुझं तू बघ,” मारिनी म्हणाली आणि चहा न संपवताच उठली. उठताना तिला स्वतःचाच राग आला, कारण चहा फार छान होता आणि तोही.

---

महोत्सवाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. सल्मी बाळाला घेऊन आली होती. तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, मकचिक सेनाह. मांडीवर बिस्किटांचा डबा, कारण सहा विद्यापीठांची मुलं एका ठिकाणी जमणार म्हटल्यावर तो घरी ठेवणं म्हणजे वेडेपणा झाला असता. विंगेत लाल खुर्चीवर चिकगू.

पडदा वर गेला. सहा जोड्या. पाच सामपिंगं गुडघ्याच्या वर आणि एक, पहिल्या जोडीतलं, चार बोटं खाली.

व्हायोलिनने लाडात सूर धरला. हाझिम पुढे आला, मारिनी मागे सरकली. ती सुंदर नाचली. हात, मान, कंबर, सगळं जागच्या जागी. पण डोळे... डोळे पुन्हा उजव्या कानावर गेले. विंगेत पंखा मांडीवर जोराने आपटला. मारिनीला ऐकू आलं. तिला डोळे वर करायचे होते. होईनात. चार वर्षं जिची वाट बघितली ती जागा मिळाली होती, हजार माणसं बघत होती, आणि तिच्या नजरेत फक्त तो सोनेरी काठ होता.

मग मोठी घंटा वाजली. बारा मात्रा. सगळा मंच स्तब्ध.

एक. दोन. तीन.

चौथ्या मात्रेला हाझिम हलला. जिथे पापणी हलवायची नव्हती, तिथे त्याने दोन्ही हात कमरेला नेले, सामपिंगची गाठ सोडली, जरीचं कापड वर ओढलं, गुडघ्याच्या वर, चांगलं चार बोटं वर, आणि सगळ्यांसमोर पुन्हा गाठ मारली. घाईत टोपी डोक्यावरून घसरली आणि मंचावर गडगडत गेली. या वेळी तो तिच्यामागे धावला नाही. तो मारिनीकडे बघत उभा राहिला.

सभागृहात कुजबुज झाली. त्या गावात हे कापड काय बोललं ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या रांगेत डब्याचं झाकण खटकन उघडलं.

सहा. सात. आता बायकांनी चार पावलं मागे जायचं होतं. पाच बायका गेल्या.

मारिनीने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत बघितलं. आणि मग आजवर कुठल्या जोगेतमध्ये बाईने केलं नव्हतं ते केलं. ती पुढे आली. एक पाऊल, दोन, तीन, चार. त्याच्यासमोर येऊन थांबली तेव्हा दोघांच्या मध्ये अंतर होतं चार बोटांचं. एकही बोट कमी नाही.

तिसऱ्या रांगेत डब्याचं झाकण हळूच बंद झालं.

बाराव्या मात्रेला दोघं एकदम पडली, आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि नवा भाग सुरू झाला. तो कसा झाला हे त्या दोघांना विचारून उपयोग नाही. त्यांना काहीच आठवत नाही. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं हुकलं ते बेशिस्तीमुळे, असं परीक्षकांनी लिहून दिलं.

पडदा पडल्यावर चिकगू समोर येऊन उभ्या राहिल्या. आख्खा गट भिंतीला चिकटला.

“बारा मात्रांत काही हलायचं नव्हतं.”

“चिकगू, तुम्ही म्हणाला होता, तुमच्या मंचावर कापड खोटं बोलत नाही,” हाझिम खाली मान घालून म्हणाला. “ते सहा आठवडे खोटं बोलत होतं. मला माफ करा. मला ते तिथेच खरं करायचं होतं.”

चिकगूंनी पंख्याची दांडी त्याच्या डोक्यावर एकदा हाणली. फार जोरात नाही. मग त्या मारिनीकडे वळल्या.

“आणि तू? बाई मागे जाते. तीस वर्षं शिकवतेय.”

“सहा आठवडे मागेच जात होते, चिकगू,” मारिनी म्हणाली. “आता मागे जायला जागा उरली नव्हती.”

चिकगूंनी पंखा उघडला आणि तोंडापुढे धरला. त्यामागे त्या हसल्या की नाही हे कोणाला कळलं नाही, पण पंखा बराच वेळ हलत होता. “अंतर मात्र बरोबर राखलंत,” त्या म्हणाल्या. “यापुढेही तेवढंच ठेवा. माझं लक्ष आहे.”

बाहेर स्कूटरपाशी हाझिमने एकदाचं आपलं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. त्यात नवीन काही नव्हतं. मारिनीने ते दोनदा म्हणायला लावलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश. मग म्हणाली, “मलाही. पहिल्या दिवसापासून. आधी पाय, मग तू.”

मकचिक सेनाहनी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या थाळीतला जास्तीचा मासा बंद केला. तो आता मारिनीच्या थाळीत पडायला लागला. “खा,” त्या म्हणायच्या. “असला माणूस सांभाळायचा तर अंगात ताकद पाहिजे.”

ते चार बोटांचं अंतर दोघांनी दीड वर्ष राखलं, थोडं चिकगूंच्या धाकाने, थोडं दोन्हीकडच्या आयांच्या. मग एका शनिवारी, त्याच कलाभवनात, केसांत फुलं माळून मारिनी पायऱ्यांपाशी उभी असताना डफ वाजले आणि वरात आली. सगळ्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला. मारिनीने आधी पाय बघितले. मग घोटे. मग नजर वर वर चढत गेली आणि सामपिंगच्या सोनेरी काठाशी येऊन थांबली.

काठ गुडघ्याखाली होता, चांगला चार बोटं. या खेपेला कापड खरं बोलत होतं.